बर्फावरून परतल्यावर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सभासद-भगिनीने केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान वयाने व अनुभवाने लहान असलेल्या माझ्यासारख्या मुलीस मिळावा, याबद्दल मी आपणा सर्वांची ऋणी आहे. चिटणीसांनी निमंत्रण दिले तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला होता : ‘स्वित्झर्लंडमधील बर्फावरील क्रीडा’. हा विषय का सुचला, हे उघड आहे. २०२५ सालच्या जानेवारीत मी तेथे आठ दिवस होते. डोक्यावर शिरस्त्राण, हाती काठ्या, पायांत स्की आणि पाठीमागे आयगर व युंगफ्राउ ही शिखरे, असे माझे एक छायाचित्र आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-समूहावरून निघून, हातोहात फिरत फिरत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जाऊन पोहोचले आहे. “मुलीने नाव काढले हो!” असे उद्गार माझ्या आईने त्या दिवसांत पुष्कळ ऐकले.

त्या छायाचित्रात दिसते ते सारे खरे आहे. परंतु त्या चौकटीबाहेर जे राहिले तेही खरे आहे. म्हणून त्या आठ दिवसांविषयी मी सांगेनच. पण ते संपल्यावर मी ज्या ठिकाणी परत गेले, त्या ठिकाणाविषयी थोडे अधिक बोलण्याची परवानगी आपणांकडे मागते.

२०२२ च्या सप्टेंबरात मी आतिथ्य-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी एडिंबरा येथे गेले. अभ्यास पुरा झाल्यावर तेथील सरकार अशा विद्यार्थ्यांस दोन वर्षे काम करण्याचा परवाना देत असे. तो घेऊन मी स्कॉटलंडच्या वायव्येस, वेस्टर रॉस नावाच्या डोंगराळ प्रांतात, चौदा खोल्यांच्या एका हॉटेलात नोकरीस लागले. इन्व्हरनेस शहरातून पश्चिम किनाऱ्याकडे एक रेल्वे जाते. १८७० साली ती स्ट्रोमफेरीपर्यंत आणि १८९७ साली काइलपर्यंत पोहोचली. त्या मार्गावर आख्नशीन नावाचे एक लहानसे स्थानक आहे. तेथील जुन्या गेलिक भाषेत या नावाचा अर्थ वादळाचे शेत असा होतो, आणि तेथे उतरणाऱ्यास तो कोणी समजावून द्यावा लागत नाही. स्थानकावरून पुढे मोटारीचा रस्ता. तोही असा की समोरून दुसरी गाडी आली, तर दोघांपैकी एकाने मागे सरून, वळणावर मुद्दाम राखलेल्या रुंद जागेत थांबावयाचे आणि दुसऱ्याने हात वर करून आभार मानीत पुढे जावयाचे.

डिसेंबरात तेथे सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये याच्या उलट. रात्री अकरालाही खिडकीतून लॉख, म्हणजे सरोवर, स्पष्ट दिसते. उन्हाळ्यात मिज नावाची चिलटे इतकी उठतात की कपडे वाळत घालावयास गेलेली बाई तोंडावर जाळी बांधून जाते. शेजार असा नाहीच. एखादी वस्तू संपली तर ती पुढच्या फेरीपर्यंत संपलेलीच राहते. आम्ही नोकरमंडळी दहाजण. राहणे, जेवणे, भांडणे आणि समेट करणे एकाच छपराखाली.

माझे काम काय होते, तेही सांगते. पहाटे सहाला खाली उतरून न्याहारीची टेबले मांडावयाची. ओटची लापशी, अंडी, भाजलेला पाव पाहुण्यांपुढे न्यावयाचा. दहानंतर खोल्या : चादरी काढणे, गाद्या झाडणे, नव्या चादरी ताणून घालणे, न्हाणीघर व शौचकूप धुणे, आरसा पुसणे. दुपारी दोन तास विश्रांती. सायंकाळी पुन्हा भोजनगृहात वाढपाचे काम, रात्री साडेदहापर्यंत. लहान हॉटेलात ज्याचे त्याचे ठरलेले काम असे नसते. ज्या दिवशी भांडी घासणारा आजारी पडे, त्या दिवशी भांडीही मीच घाशीत असे.

नोव्हेंबरात ते हॉटेल बंद होई व मार्चमध्ये पुन्हा उघडे. या बंदीच्या काळात मी इन्व्हरनेस येथील एका हॉटेलात तात्पुरते काम करी. दोन हंगामांची बक्षिशी एका डब्यात साठविली होती, आणि जन्मात एकदा तरी पाहुणी म्हणून कोठे तरी जावे, अशी इच्छा मनात होती. ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असला, तरी आपले पारपत्र बाळगणाऱ्यास स्वित्झर्लंडसाठी निराळा व्हिसा काढावा लागतो. तो सोपस्कार पार पाडून मी म्युरेन या गावी गेले.

म्युरेन हे बर्नी ओबरलांट विभागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६४० मीटर उंचीवर, एका तुटलेल्या कड्याच्या माथ्यावर वसलेले खेडे आहे. तेथे मोटारी जात नाहीत. खालच्या लाउटरब्रुनेनच्या दरीतून तारेवरच्या पाळण्याने वर चढावे लागते. आज स्कीची शर्यत म्हणून जगभर जी ओळखली जाते, तिच्या इतिहासात या खेड्याचे नाव ठळक आहे. काठ्यांमधून नागमोडी उतरण्याची ‘स्लॅलम’ ही शर्यत तिच्या आधुनिक स्वरूपात १९२२ साली येथेच भरविण्यात आली. ती भरविणारे सर आर्नल्ड लन हे जन्माने मद्रासचे. १८८८ साली त्यांचा जन्म तेथे झाला, कारण त्यांचे वडील मिशनरी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले होते. पुढे त्याच वडिलांनी प्रवासी कंपनी काढून इंग्रज लोकांना आल्प्सच्या हिवाळ्याची गोडी लावली. १९११ साली लन यांनी जी एक उतरणीची शर्यत घेतली, तिच्या चषकाचे नाव ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’. हे सेनापती रॉबर्ट्स म्हणजे १८८० मध्ये काबूलहून कंदाहारवर चालून गेलेले. आणि त्या स्वारीचे कारण ठरलेल्या मैवंदच्या पराभवात मुंबई फौजेच्या पलटणीही होत्या. स्वित्झर्लंडच्या बर्फात ‘कंदाहार’ हा शब्द कानी पडला तेव्हा मी चकित झाले. जगातल्या बहुतेक वाटा कोठे तरी आपल्या दारावरून जातात, हेच खरे.

हिवाळ्यात डोंगरावर मौजेसाठी जाण्याची चाल तरी कोठे फार जुनी आहे! सेंट मॉरिट्स येथील बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, अशी कथा सांगतात. हिवाळ्यात येऊन पाहा. आवडले नाही तर प्रवासखर्च माझा, आणि आवडले तर वाटेल तितके दिवस माझे पाहुणे म्हणून राहा. पाहुणे आले ते वसंतापर्यंत राहिले. एका हॉटेलवाल्याच्या शब्दावर लोकांनी बर्फात पाऊल टाकले, ही गोष्ट त्या धंद्यातील माणसास सुखविणारी आहे. आज त्या बर्फालाच धोका आहे. २०२२ व २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतील सुमारे दहावा हिस्सा बर्फ वितळून गेले. ज्यांची चूल त्यावर पेटते, ते दरवर्षी आकाशाकडे पाहतात. आपला शेतकरी पाहतो तसे.

आता स्कीविषयी. नवशिक्यांच्या वर्गात मी आणि पाच-सहा वर्षांची सात मुले होतो. शिक्षिका साठीच्या घरातल्या होत्या. पहिला धडा पडण्याचा, दुसरा उठण्याचा आणि तिसरा थांबण्याचा. थांबावयाचे तर दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणून मागची टोके फाकवावयाची. त्याला त्यांच्या भाषेत ‘नांगर’ म्हणतात. शेतकऱ्यांच्या कुळात जन्मलेल्या मुलीस तो शब्द तत्काळ समजला, पाय मात्र समजण्यास तीन दिवस लागले. चौथा धडा सर्वांत कठीण. उतार समोर दिसला की भीतीने अंग आपोआप मागे, डोंगराकडे झुकते. आणि मागे झुकले की पट्ट्या ताब्यातून सुटतात. तोल सांभाळावयाचा असेल, तर छाती उताराकडे ठेवून भार खालच्या पायावर द्यावा लागतो. ज्याची भीती वाटते त्याच बाजूस झुकावयाचे, हे बुद्धीस पटते. गुडघ्यांस पटत नाही. सहाव्या दिवशी मी एक निळ्या खुणेचा, म्हणजे सोपा, उतार न पडता उतरले, आणि ते छायाचित्र त्या दिवशीचे.

माझे बिऱ्हाड एका साध्या अतिथिगृहात होते. पहिल्या सकाळी एका बाईने माझ्यापुढे चहा आणून ठेवला आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले! तिने मला हाताने खूण करून बसविले. दुसऱ्या दिवशी ती माझी खोली आवरावयास आली तो बिछाना आधीच घातलेला. चादरीच्या कोपऱ्याची घडी तिने क्षणभर निरखली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “तुम्हीही याच धंद्यातल्या!” मी हो म्हटले. मग आम्ही बोललो. ती पोर्तुगालची. अकरा हिवाळे त्या गावात काढलेली. मी विचारले, “स्की करता का?” ती म्हणाली, “एकदाही नाही. वेळ असतो तेव्हा पाय नसतात.”

मंडळी, त्या आठ दिवसांतले हे एकच वाक्य मी बरोबर घेऊन आले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी परत निघाले. हंगामापूर्वीच्या साफसफाईसाठी आम्हा चौघांस लवकर बोलाविले होते. आख्नशीनला उतरले तेव्हा पाऊस आडवा येत होता. आमचा पोलिश आचारी गाडी घेऊन आला होता. त्याने प्रवासाची चौकशी केली नाही. थर्मासमधला चहा पुढे केला, एवढेच. छपराखालच्या माझ्या खोलीत दमट वास भरला होता आणि खिडकीतून मागल्या अंगणातले कचऱ्याचे डबे दिसत होते. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. अठ्ठावीस गाद्या उलटावयाच्या, पडदे उतरवून धुवावयाचे, बंद खोल्यांच्या भिंतींवरची बुरशी पुसावयाची. मांड्या अजून स्कीने दुखत होत्या. वाकून चादर खोचताना, आठ दिवसांपूर्वी मी याच बिछान्याच्या दुसऱ्या बाजूस होते, हा विचार पुन्हा पुन्हा मनात येई. आपली जागा कोणती? ती की ही? तीन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. सुटी संपल्यावरचा हा विषाद आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पण जेथे संध्याकाळी जावयास दुसरे घर नसते, तेथे तो फार जड होतो.

तिसऱ्या रात्री मला माझ्या आजीची आठवण झाली.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, लालबागच्या एका चाळीत खानावळ चालवीत असे. तरुणपणीच वैधव्य आलेले, पदरात तीन मुले. दीड खोलीत चाळीस गिरणीकामगार पाळीपाळीने जेवून जात. तिच्या पंक्तीत कोण कोणत्या जातीचा, हे तिने कधी विचारले नाही; आणि त्या कारणाने आपल्याच काही नातलगांनी तिच्या घरचे पाणी वर्ज्य केले होते, हे ती आम्हा नातवंडांना हसत हसत सांगे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. लोकांपाशी खानावळीचे पैसे देण्यास दमडी उरली नाही. कोणी सांगितले, “आता बंद करा.” ती म्हणाली, “संप गिरणीचा आहे, पोटाचा नाही.” हातच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या सोडविता आल्या नाहीत. पण खानावळ चालू राहिली.

आठवड्यातून एकच वेळ तिला सुटी : रविवारची संध्याकाळ. दुपारी सणासारखे जेवण घालून ती चूल विझवी आणि उंबऱ्यात बसून राही. रात्री सकाळचेच उरलेले, स्वतःच्या हाताने वाढून घेऊन खाई. तिला कोणी ताट वाढून दिल्याचे मी कधी पाहिले नाही. लहानपणी मी एकदा विचारले होते, “आजी, सोमवारी पुन्हा कंटाळा येत नाही का गं?” ती म्हणाली, “येतो तर! पण सोमवारची पहिली भाकरी हाताला नवी लागते. रोजची असून नवी. तेवढ्यासाठी रविवार पाहिजे.”

वेस्टर रॉसच्या त्या खोलीत, दहा वर्षांपूर्वी गेलेल्या आजीचे ते शब्द मला प्रथमच नीट कळले. सुटी ही कामापासून पळण्यासाठी नसून कामाकडे नव्या हाताने परत येण्यासाठी असते. चौथ्या दिवशी मी चादर घातली ती निराळ्या हाताने घातली.

आमच्या मालकीणबाईंचा एक नियम होता. हॉटेल उघडण्यापूर्वी प्रत्येक नोकराने एक रात्र पाहुण्याच्या खोलीत झोपावयाचे आणि जे खटकेल ते लिहून द्यावयाचे. पूर्वी मी दोन ओळी खरडून मोकळी होत असे. या खेपेस पाहुणेपणाचा ताजा अनुभव पाठीशी होता. मी सात गोष्टी लिहिल्या. दिवा बिछान्यापासून लांब आहे. उठल्याशिवाय विझविता येत नाही. न्हाणीघरात ओला टॉवेल टांगावयास खुंटी नाही. सातवी गोष्ट अशी, की पहाटे सहाला बोळातून कोणी तरी कपबशांची गाडी खडखडत नेते व झोप मोडते. ती गाडी दोन वर्षे नेणारी व्यक्ती मीच होते! त्यानंतर आम्ही तबकांखाली जाड कापड घातले आणि बोळात मऊ तळव्यांची पादत्राणे वापरू लागलो.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री मी मालकीणबाईंपाशी एक मागणे मागितले. आमचा भांडी घासणारा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. त्या भोजनगृहाच्या ताटल्या त्याने सहस्रावधी वेळा धुतल्या असतील, पण तेथे तो कधी जेवावयास बसला नव्हता. त्या रात्री आम्ही त्याला खिडकीजवळच्या उत्तम टेबलाशी बसविले आणि मी वाढले. सूप पुढे ठेवताच तो उठून उभा राहिला. मी त्याला हाताने खूण करून बसविले.

बंधुभगिनींनो, आता मुख्य गोष्ट. दोन वर्षे आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचीत माझ्या नावापुढे ‘परदेशातील नामांकित हॉटेलात व्यवस्थापिका’ असे छापून येत आहे. ते खरे नाही. मी खोल्या आवरीत होते व टेबलावर वाढीत होते. ती नोंद माझ्या वडिलांनी मायेपोटी केली. पण मी ती वाचली आणि गप्प राहिले, हा दोष माझा. त्या नोंदीवरून गेल्या वर्षी एक मंडळी आमच्या घरी आली. मी खरे ते सांगितले. त्यांनी चहा घेतला, “कळवितो” म्हणाले, आणि कळविले नाही. त्यांना मी बोल लावीत नाही. त्यांना आधी चुकीचे सांगितले गेले होते. पण खरे लिहिले असते, तर ते आले असते का? हा प्रश्न मात्र मी येथे सर्वांपुढे ठेविते.

आपण घरी आलेल्या पाहुण्यास देव म्हणतो. मग त्या देवाची पूजा करणाऱ्या हातांना कमी का लेखावे? सीझर रिट्झ, ज्याचे नाव आज वैभवाचा पर्याय झाले आहे, तो १८५० साली स्वित्झर्लंडमधील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी तेरावे अपत्य म्हणून जन्मला आणि वाढपाच्या कामातूनच वर चढला. आपल्या मुंबईतही १९५४ सालापासून, लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने निघालेली व आता दादरला असलेली हॉटेल-व्यवसायाची शिक्षणसंस्था आहे. तिचे दार आपल्या मुलांना अपरिचित असू नये.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी दोन नम्र मागणी आहेत. पहिले, सूचीतील व्यवसायाच्या रकान्यात जो जे काम करतो ते जसेच्या तसे छापावे. भारदस्त शब्दांची झूल त्यावर घालू नये. दुसरे, आपल्या शिष्यवृत्त्या आज अभियांत्रिकी, वैद्यक व हिशेबशास्त्र यांनाच मिळतात. त्यांत पाकशास्त्र, हॉटेल-व्यवसाय आणि शुश्रूषा शिकणाऱ्या मुलामुलींसही स्थान द्यावे. पहिल्या शिष्यवृत्तीसाठी माझ्या बक्षिशीच्या डब्यात उरलेली रक्कम मी आज कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. ती मोठी नाही.

माझा परवाना संपला आहे. तेथील नियमांप्रमाणे पुढे राहण्यास जे वेतन लागते, ते त्या लहान हॉटेलास परवडणारे नव्हते. पुढच्या महिन्यापासून मी कोकणात, समुद्रकाठच्या एका हॉटेलात कामास लागत आहे. काम तेच : खोल्या व भोजनगृह.

आज सकाळी मी हे भाषण वडिलांना वाचून दाखविले. ते समोरच बसले आहेत. ऐकून ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शाळेच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे मी ‘घरकाम’ लिहीत असे. मास्तरांना कळू नये म्हणून. तू तिच्याविषयी वाचशील तेव्हा सावकाश वाच. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ दे.”

म्हणून पुन्हा एकदा सावकाश सांगते : माझी आजी खानावळ चालवीत होती, आणि मी वाढपाचे काम करते. आता थोड्याच वेळात येथे भोजनाच्या पंक्ती बसतील. आज पहिल्या पंक्तीस सकाळपासून भटारखान्यात राबणारे आचारी व वाढपी बसावेत, आणि वाढावयास आपण उभे राहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.